आठशेवर अडकलेल्या खेळाडूस

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, ठाण्यात नोकरी. टाळेबंदीच्या काळात मोबाइलवर बुद्धिबळ शिकले, पण गेली दोन वर्षे ऑनलाइन रेटिंग ८००च्या आसपास घुटमळत आहे. रोज तासभर ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींचे, व्हिडिओ पाहूनही फरक पडत नाही आणि आता नऊ वर्षांची मुलगीसुद्धा हरवू लागली आहे. तेव्हा कोणती ओपनिंग पाठ करावी आणि १२०० गाठायला किती दिवस लागतील? सोबत तुम्ही तुमचे हरलेले अकरा डाव पाठवले आहेत. हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक जण फक्त जिंकलेले डाव दाखवतात.

हे अकरा डाव मी पटावर लावून एकेक करून पाहिले. त्यांपैकी एकही डाव तुम्ही ओपनिंगमुळे हरलेला नाही. आठ डावांत तुमचा एखादा मोहरा फुकट गेला आहे, म्हणजे ज्या घरावर तो मारला जाणार हे एका चालीपुरते पाहिले असते तरी दिसले असते, त्या घरावर तुम्ही तो ठेवलात किंवा तिथून हलवला नाहीत. दोन डावांत तुम्ही चांगल्या स्थितीतून पाठच्या ओळीवर मात खाल्लीत. उरलेल्या एका डावात वजीर जास्त असताना स्टेलमेट करून, म्हणजे समोरच्याला शह नसताना एकही चाल न ठेवता, डाव बरोबरीत सोडवलात, आणि तो तुम्ही हरलेल्या डावांतच मोजला आहे, जे मला मनापासून पटले. आता विचार करा, ज्याचा घोडा चौदाव्या चालीला फुकट जातो त्याला सिसिलियन या ओपनिंगच्या अठरा चाली पाठ असून उपयोग काय?

गेली बावीस वर्षे मी मुलांना आणि मोठ्यांना शिकवतो आहे. या पातळीवर जो पुढे जातो त्याला इतरांपेक्षा काही जास्त माहीत असते असे मला दिसलेले नाही. त्याला समोरच्याने आत्ता केलेली चाल दिसत असते, एवढेच. बाकी सर्व अभ्यास या एका सवयीच्या पाठीमागून येतो, म्हणून उत्तराचा मोठा भाग मी तिलाच देणार आहे.

तुमचा चौथा डाव घेऊ. तुम्ही पांढऱ्या बाजूने खेळलात. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, इथवर सगळे ठीक. काळ्याने ३... घोडा डी४ अशी चाल केली. ई५ वरच्या प्याद्याला असलेला सी६ च्या घोड्याचा आधार सुटला. प्यादे फुकट दिसले आणि तुम्ही चार सेकंदांत ४. घोडा ई५ वर मारून ते उचललेत. काळ्याने ४... वजीर जी५ खेळला. इथे तुम्हाला एफ७ वरचे प्यादे दिसले. घोडा तिथे बसला की वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम मारा होतो, म्हणजे फोर्क. सहा सेकंदांत तुम्ही ५. घोडा एफ७ खेळलात. पुढे ५... वजीराने जी२ चे प्यादे मारले, ६. हत्ती एफ१, वजीराने ई४ चे प्यादे मारून शह, ७. उंट ई२, आणि ७... घोडा एफ३, मात. सात चालींत डाव संपला, कारण ई२ वरचा उंट वजीरासमोर राजाच्या आड बांधलेला आहे, तो घोड्याला मारू शकत नाही, जी पट्टीतले प्यादे आधीच गेलेले आहे, आणि राजाच्या भोवतीची सगळी घरे त्याच्याच मोहऱ्यांनी भरलेली आहेत.

हा सापळा शंभर वर्षांहून जुना आहे आणि तुम्ही तो आता पाठ कराल, याची मला खात्री आहे. तसे करू नका. सापळे हजारो आहेत. त्याऐवजी पाचव्या चालीकडे परत या. वजीर जी५ वर आला तेव्हा त्याने एकाच वेळी दोन गोष्टींवर नजर ठेवली होती: ई५ वरचा घोडा आणि जी२ वरचे प्यादे. तुम्ही घोडा हलवलात, म्हणजे पहिली गोष्ट तुम्हाला दिसली असेल किंवा नसेलही, पण दुसरी नक्कीच दिसली नाही. स्वतःचा फोर्क मात्र लख्ख दिसला. नवशिक्याचा डोळा असाच चालतो. आपल्या हाताने काय करता येईल हे त्याला आधी दिसते, आणि समोर बसलेला माणूसही खेळतो आहे ही गोष्ट मागाहून आठवते. चौथ्या चालीलाही प्रश्न एवढाच होता की याने प्याद्याचा आधार का सोडला. साधे ४. घोड्याने डी४ चा घोडा मारला असता, काळ्याने प्याद्याने परत मारले असते, आणि तुम्ही किल्लेकोट करून निवांत चांगला डाव खेळला असता.

यावर उपाय सांगायला सोपा आहे आणि करायला कंटाळवाणा. समोरच्याने चाल केली की हात पटापासून दूर न्यायचा आणि मनात, शक्य असेल तर ओठ हलवून, विचारायचे: या चालीने कुठल्या घरांवर मारा आला, आणि ज्या घरावरून हा मोहरा उठला तिथे काय उघडे पडले? दुसरा भाग लोक विसरतात. उंट हलला की त्याच्या मागच्या हत्तीची पट्टी मोकळी होते, घोडा हलला की तो ज्याला आधार देत होता ते प्यादे निराधार होते. त्यानंतर आपली चाल शोधायची, आणि ती सापडली की खेळायच्या आधी पुन्हा एकदा पाहायचे की मी हे केल्यावर त्याच्याकडे कुठले शह आहेत, कुठली मारामारी आहे. एवढ्याला सुरुवातीला चाळीस सेकंद लागतात. दोन महिन्यांनी पाच सेकंद लागतात, कारण डोळा ते आपोआप करू लागतो. माझ्या वर्गात लहान मुलांना मी दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायला लावतो. आयांना ते विचित्र वाटते, पण हात मोकळा असला की तो डोक्याच्या आधी पोहोचतो.

हा दोष फक्त नवशिक्यांचा आहे असे समजून खजील होऊ नका. २००६ साली बॉन येथे, त्या वेळचा जगज्जेता व्लादिमीर क्राम्निक डीप फ्रिट्झ या संगणकाविरुद्ध खेळत असताना त्याने वजीरांची अदलाबदल करण्याच्या हेतूने वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच चालीत एच७ वर मात खाल्ली. एका चालीतली मात. मोठ्या खेळाडूंचीही पाहण्याची साखळी क्वचित तुटते. तुमची दर डावात तीनदा तुटते, आणि सुधारणेचा हिशेब तीनावरून एकावर येण्याचा आहे.

हे करायचे तर वेळ हवा, आणि तुमचे अकराही डाव पाच किंवा तीन मिनिटांचे आहेत. जलद डावांत हात जुन्याच सवयी घोटत राहतो. विश्वनाथन आनंदही झपाट्याने खेळत असे, असे मला दर महिन्याला कोणीतरी ऐकवते. त्यावर एक गोष्ट सांगतो, ती आनंदने स्वतः सांगितलेली आहे. लहानपणी तो काही काळ फिलिपिन्समध्ये मनिलाला राहत होता. तिथे दुपारी दूरचित्रवाणीवर बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे. तो शाळेत असताना आई डाव आणि कोडी उतरवून ठेवी, संध्याकाळी दोघे मिळून सोडवत आणि उत्तर पाठवत. बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. त्याने इतकी पुस्तके जिंकली की शेवटी कार्यक्रमवाल्यांनी त्याला हवी तेवढी पुस्तके घेऊन जा, पण यापुढे उत्तरे पाठवू नकोस, असे सांगितले. तो वेग या पायावर उभा होता. तुम्ही आठवड्यातून तीनच डाव खेळा, पण प्रत्येकी किमान पंधरा मिनिटे आणि दर चालीला दहा सेकंद वाढीव असलेले. लोकलमध्ये ठाणे ते दादर उभ्याने खेळलेला डाव मोजू नका, तो करमणूक आहे आणि करमणूक म्हणून चालेल. लागोपाठ दोन डाव हरलात तर त्या दिवशी तिसरा लावू नका. रात्री साडेअकराला ‘आता एकच’ म्हणून लावलेल्या डावांनी जेवढे रेटिंग घालवले आहे तेवढे कुठल्याही ओपनिंगने घालवलेले नसेल.

आता कोडी. रोज वीस मिनिटे, सोपी कोडी, आणि सोपी म्हणजे दहांपैकी आठ-नऊ बरोबर येतील इतकी सोपी. लिचेस या संकेतस्थळावर ती फुकट आणि विषयवार मिळतात, इतरत्रही मिळतात. पहिले तीन महिने एका आणि दोन चालींतली मात, फोर्क, पिन (मागच्या मोहऱ्यामुळे जागेवर बांधला गेलेला मोहरा), राजाला शह देऊन त्याच्या मागचा मोहरा उचलणे, एक मोहरा बाजूला करून दुसऱ्याचा मारा उघडणे, पाठच्या ओळीवरची मात, एवढे पुरे. कोडे सोडवण्याची पद्धत मात्र बदला. पहिली चाल बरी दिसली की खेळून पाहायची, चुकली तर दुसरी, हा अंदाजपंचे दाहोदरसे प्रकार म्हणजे कोडे नव्हे. समोरच्याच्या उत्तरासकट सगळी मालिका मनात, हवी तर कागदावर, पूर्ण करा आणि मगच पहिली चाल करा. चुकलेले कोडे वहीत ठेवा आणि आठवड्याने पुन्हा सोडवा. माझ्या एका विद्यार्थिनीने, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, एकाच तीनशे कोड्यांच्या संचाची पाच आवर्तने केली. पाचव्या वेळी त्या चित्र पाहताच उत्तर सांगत. मी विचारले, पाठ झाली का? त्या म्हणाल्या, पाढे पाठ असतात तसे. मला त्याहून चांगले उत्तर सुचलेले नाही.

तुमचे पाठच्या ओळीवरचे दोन डावही याच खात्यात येतात. किल्लेकोट केल्यावर राजासमोरची तीन प्यादी जागची न हलवता तुम्ही दोन्ही हत्ती हल्ल्याला पाठवलेत, आणि समोरच्याचा हत्ती आधीपासूनच मोकळ्या पट्टीत उभा होता. हत्ती पाठची ओळ सोडून जाताना एच पट्टीतले प्यादे एक घर पुढे टाकून राजाला खिडकी ठेवावी, ही गोष्ट कोडी करताना तुम्ही दहा वेळा पाहिली असेल. फरक असा की कोड्यात मात तुम्ही देत असता. म्हणून अधूनमधून कोड्याचा पट उलटा करून, मात खाणाऱ्याच्या बाजूने बघा आणि त्याने एक चाल आधी काय करायला हवे होते ते शोधा.

स्वतःचा हरलेला डाव तपासणे हा अभ्यासाचा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत फलदायी भाग आहे. डाव संपला की लोक लगेच इंजिनचे, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रामचे, बटण दाबतात. स्टॉकफिश लाल-पिवळी चिन्हे दाखवते, ‘अरेच्चा’ म्हणून आपण पुढे जातो, आणि डोक्यात काहीच राहत नाही. आधी इंजिन बंद ठेवून डाव लाकडी पटावर मांडा. तीनच गोष्टी लिहा: डाव माझ्या हातून कुठे निसटला असे मला वाटते, त्या वेळी मी काय विचार करत होतो, आणि समोरच्याची कुठली चाल मला दिसलीच नाही. त्यानंतर इंजिन लावा आणि जिथे मूल्य एकदम उडी मारते तेवढ्याच दोन-तीन जागा पाहा. इंजिनने अर्ध्या प्याद्याचा फरक दाखवला तर तिकडे लक्षही देऊ नका, तुमच्या आणि माझ्याही कामाचे ते नाही. तुमच्या चौथ्या डावाबद्दल तुम्ही नुसते ‘सापळ्यात सापडलो’ लिहिले होते. त्याऐवजी ‘वजीर जी५ वर आला तेव्हा तो जी२ कडे पाहतो आहे हे पाहिले नाही, कारण मी माझ्या फोर्कवर खूश होतो’ असे लिहिले असते, तर ते वाक्य पुढच्या पन्नास डावांत कामाला आले असते. वीस डावांची अशी वही झाली की एक नमुना दिसू लागतो. कोणाला तिरक्या रेषेतून लांबून येणारा उंट दिसत नाही, कोणाला घोड्याची मागे जाणारी उडी दिसत नाही. तुमच्या डावांत लांबच्या उंटाने तीनदा घात केला आहे.

ओपनिंगबद्दल विचारलेत म्हणून थोडक्यात सांगतो. पांढऱ्याने ई४, घोडा एफ३, उंट सी४, म्हणजे इटालियन, आणि काळ्याने ई४ ला ई५, डी४ ला डी५. वर्षभर एवढेच खेळा. दहा चालींत दोन्ही घोडे आणि दोन्ही उंट बाहेर, मधल्या चार घरांवर पकड, किल्लेकोट झालेला, आणि एकच मोहरा दोनदा हलवलेला नाही, हे साधले की ओपनिंग जमली असे समजा. अ‍ॅपवर भेटणारे अनेक जण दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर आणून शाळकरी मात द्यायला बघतात, त्याचे उत्तर एकदा समजून घ्या. १. ई४ ई५ २. वजीर एच५, आता ई५ चे प्यादे धोक्यात आहे, म्हणून घोडा सी६. ३. उंट सी४, आता एफ७ वर मात आहे, म्हणून जी६. ४. वजीर एफ३, पुन्हा एफ७ वरच मात, म्हणून घोडा एफ६. तीनही उत्तरे धमकी ओळखूनच निघाली आहेत, आणि तरी काळ्याचे दोन घोडे बाहेर आलेले आहेत, तर पांढऱ्याचा वजीर स्वतःच्या घोड्याच्या जागेवर बसला आहे.

ज्यांनी बुद्धिबळ आजोबांकडून शिकले त्यांच्यासाठी एक आडवाट. आपल्याकडच्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे, राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई, आणि शेवटच्या ओळीला पोहोचलेले प्यादे हवा तो मोहरा न होता त्या पट्टीचा मोहरा होई. सांगलीत, जिथे मी वाढलो, माझ्या लहानपणीही म्हातारी माणसे असे खेळत. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे त्या गावाला बुद्धिबळाची पंढरी म्हणत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या स्पर्धांना गावोगावची मुले येत. मी स्वतः पहिल्या स्पर्धेत एन पासाँचा नियम ठाऊक नसल्यामुळे पंचांशी भांडलो होतो. तेव्हा दोन घरे पुढे गेलेले प्यादे शेजारून मारता येते, आणि ते लगेच पुढच्याच चालीत मारावे लागते, हे नीट पाहून घ्या. अ‍ॅप तुम्हाला नियम मोडू देत नाही, त्यामुळे नियम आपल्याला येतात असा भ्रम होतो.

आता शेवटच्या डावाकडे, म्हणजे एंडिंगकडे. इथे मला जरा थांबायचे आहे, कारण नवशिके ते कंटाळवाणे म्हणून टाळतात. २०२४ च्या १२ डिसेंबरला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा आणि शेवटचा डाव बरोबरीकडे चालला होता. पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्याचा उंट पटाच्या कोपऱ्यात होता. डी. गुकेशने हत्ती मारला आणि आपला उंट डी५ वर आणून उंटांचीही अदलाबदल अटळ केली. पटावर उरले राजे आणि प्यादी: गुकेशची दोन, डिंगचे एक. हत्तीच्या त्या चालीनंतर तीनच चालींत डिंगने डाव सोडला आणि अठरा वर्षांचा गुकेश साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी जगज्जेता झाला. राजा-प्याद्याचा हा शेवट जिंकलेला आहे हे गुकेशला मोजत बसावे लागले नसणार. मोहऱ्यांची अदलाबदल करावी की करू नये, हे अदलाबदलीनंतर काय उरेल ते ज्याला कळते त्यालाच ठरवता येते, आणि शेवटाचा अभ्यास मधल्या डावातही कामाला येतो तो असा.

तुम्हाला आत्ता चार गोष्टी पुरतील. वजीराने आणि हत्तीने मात देणे, घड्याळ लावून, न चुकता. तुमचे स्टेलमेट झाले त्या स्थितीत काळा राजा ए८ वर कोपऱ्यात होता आणि तुम्ही वजीर सी७ वर नेलात. कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर वजीर ठेवला की राजाला एकही घर उरत नाही आणि शहही नसतो, एवढे चित्र डोक्यात बसवा. दुसरे, चौकोनाचा नियम. पांढरे प्यादे ए४ वर धावते आहे, तर ए४, ए८, ई८, ई४ असा चौकोन मनात काढा. काळा राजा एफ५ वर असेल आणि चाल त्याची असेल तर तो ई५ वर, म्हणजे चौकोनात शिरून प्यादे पकडतो. चाल पांढऱ्याची असेल तर प्यादे ए५ वर जाते, चौकोन लहान होतो आणि राजा बाहेरच राहतो. चाली मोजत बसायची गरज नाही.

तिसरी गोष्ट समोरासमोरचे राजे. पांढरा राजा ई४, प्यादे ई३, काळा राजा ई६, बाकी पट रिकामा. चाल काळ्याची असेल तर तो हरतो, कारण त्याला बाजूला व्हावेच लागते आणि पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो. चाल पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. स्थिती एकच, चाल कोणाची यावर सगळे अवलंबून. आता तेच प्यादे ई२ वर ठेवा आणि चाल पांढऱ्याची. पांढरा ई३ खेळतो, एक फुकटची चाल हातात असल्यामुळे पाळी काळ्यावर येते, आणि पांढरा जिंकतो. म्हणून राजा पुढे आणि प्यादे मागे ठेवावे. नवशिके उलटे करतात, प्यादे पळवतात आणि राजा मागून चालत येतो. हत्तींचे शेवट, लुसेना आणि फिलिडॉर या नावांच्या स्थिती, ही चौथी गोष्ट. ती सहा महिन्यांनी घ्या.

रेटिंगचे दिवस मोजू नका असे मी म्हणणार नाही, सगळेच मोजतात. पण ऑनलाइन ८०० आणि फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, रेटिंग ही दोन वेगळी मापे आहेत. मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीत १४०० च्या खाली आकडाच नाही. सांगितलेल्या पद्धतीने रोज तासभर काम करणारा प्रौढ माणूस माझ्या अनुभवात पहिले दोन महिने बहुधा थोडा खालीच जातो, कारण तो सवय बदलत असतो आणि वेळेत हरतो. नंतर चढतो. किती दिवसांत, ते मी सांगू शकत नाही. जो आकडा देतो त्याच्याकडे बहुधा विकायला काहीतरी असते.

स्पर्धेला मात्र लवकर जा, चांगले खेळता येईपर्यंत थांबू नका. एखाद्या मंगल कार्यालयात दोनशे पट मांडलेले असतात, बाहेर पालक डबे घेऊन बसलेले असतात, आणि तुमच्यासमोर आठ वर्षांचा मुलगा खुर्चीवर गुडघे टेकून बसतो. तिथे तीन गोष्टी नव्याने कळतील. मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो, त्यामुळे हात मांडीखाली का ठेवायचा ते कळेल. प्रत्येक चाल लिहावी लागते, त्यामुळे डोके थंड राहते. आणि हरल्यावर समोरच्याबरोबर डाव पुन्हा मांडून ‘इथे तू काय पाहत होतास?’ असे विचारता येते. मोबाइलवर हे विचारायची सोय नाही. २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकच्या जलद डावांत हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या मुलींची संख्या बरीच वाढली आहे. तुमच्या मुलीलाही सोबत घेऊन या, दोघांची नावे एकाच स्पर्धेत घाला.

तिच्याशी घरी खेळताना आत्ता दोघांच्या फायद्याचे असे काहीतरी करा. आठवड्यातून एकदा सगळे मोहरे पेटीत ठेवून फक्त राजे आणि आठ-आठ प्यादी मांडा. जो आधी प्याद्याचा वजीर करेल तो जिंकला. पहिल्यांदा ती हरवेल, कारण मुले निर्भय असतात. चाली लिहून ठेवा, मग रंग बदलून तोच डाव, तिने जिथे तुम्हाला मागे टाकले त्या स्थितीपासून, पुन्हा खेळा. आणि तिची प्रत्येक चाल झाल्यावर, तुम्ही खेळायच्या आधी, ती चाल तिने का केली असेल हे तुम्ही मोठ्याने सांगायचे आणि तिने ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच म्हणायचे, असा नियम ठेवा. सुरुवातीला ‘चूक’ पुष्कळदा ऐकू येईल. पुढचे दहा डाव झाल्यावर त्या डावांची वही मला पाठवा.